ओके : पोच आणि संमती

मराठेशाहीतील एखादा मोडी कागद हाती आला, तर मजकूर जेथे संपतो त्याच्या अगदी खाली ‘मोर्तब सूद’ हे दोन शब्द पुष्कळदा आढळतात. फार्सीतील ‘मुरत्तब शुद’ या वाक्यांशाचे हे मराठी रूप असून, ‘रचना पुरी झाली, सारे यथास्थित झाले’ असा त्याचा आशय आहे. कारकुनाने मसुदा लिहिला, अधिकाऱ्याने तो नजरेखालून घातला, मुद्रा उमटली आणि यापुढे त्यात फेरफार करण्यास कोणासही जागा उरली नाही, एवढा सारा कारभार त्या दोन शब्दांत सामावलेला असे. ते राज्य गेले, मोडी लिपी दप्तरखान्यांतील रुमालांत विसावली, फार्सी शब्दांचा तो अर्थ लोक विसरले. पण ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मात्र आपल्या जिभेवर राहिला. आज त्याच कामावर दुसरा एक परका शब्द रुजू झाला आहे आणि त्याचा अंमल पेशवाईच्या दप्तराहून कितीतरी विस्तृत आहे. तो शब्द म्हणजे ‘ओके’.

जगातील बहुतेक भाषांच्या बोलण्यात जे थोडे शब्द सर्वत्र समजले जातात त्यांत याची गणना होते. आणि तरीही त्याचे कुळ कोणते, असे विचारले असता इंग्रजी जन्मभाषा असलेला मनुष्यही बहुधा निरुत्तर होतो. म्हणून या दोन अक्षरांची जन्मकथा, त्यांच्या अर्थाचा विस्तार आणि आपल्या भाषेत त्यांनी मिळवलेली जागा यांचा थोडा निवांत विचार करणे अगत्याचे वाटते.

या शब्दाची जन्मतिथी सांगता येते, ही गोष्टच विलक्षण आहे. कारण बहुतेक शब्दांचा उगम नदीच्या उगमाप्रमाणे कोठेतरी दाट झाडीत लपलेला असतो. २३ मार्च १८३९ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात निघणाऱ्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राच्या दुसऱ्या पानावर संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांचे एक लहानसे स्फुट प्रसिद्ध झाले. बोस्टनमधील घंटानादविरोधी म्हणवणाऱ्या एका विनोदी मंडळाच्या प्रवासासंबंधी शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरातील पत्राने काही लिहिले होते, त्यावर ते थट्टेचे उत्तर होते. आणि त्या ओघात ‘ओ. के.’ ही अक्षरे घालून त्यांच्या शेजारीच ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व बरोबर’, असा त्यांचा अर्थही दिलेला होता. आता ‘ऑल करेक्ट’ची आद्याक्षरे ‘ए’ आणि ‘सी’ अशी व्हावयास हवीत. ती ‘ओ’ आणि ‘के’ झाली, ती शब्द जाणूनबुजून अशुद्ध लिहिल्यामुळे. त्या काळी बोस्टनच्या पत्रकारांत असे अशुद्ध संक्षेप करण्याची एक लाटच आली होती. ‘ऑल राइट’ या शब्दांसाठी ‘ओ. डब्ल्यू.’ आणि ‘नो यूज’ या शब्दांसाठी ‘के. वाय.’ असे संक्षेप तेव्हाच्या पत्रांतून सापडतात. उच्चार तोच ठेवून लेखन बिघडवायचे आणि वाचकाने ते ओळखून हसायचे, असा तो खेळ होता. आजची तरुण मंडळी भ्रमणध्वनीवरील निरोपांत जे करतात त्याहून तो फारसा निराळा नव्हता. ती लाट ओसरली, तिच्याबरोबर तिची बहुतेक अपत्ये नाहीशी झाली. ‘सर्व बरोबर’ असे सांगण्यासाठी चुकीचे लिहिलेले हे एकच रूप तेवढे तगले.

ते तगले याला दोन कारणे घडली आणि दोन्ही कारणे भाषेच्या बाहेरची होती. पहिले कारण निवडणुकीचे. १८४० साली अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे राहिले. न्यूयॉर्क राज्यातील किंडरहुक हे त्यांचे जन्मगाव, आणि त्यावरून त्यांना ‘ओल्ड किंडरहुक’ असे टोपणनाव पडलेले. त्याची आद्याक्षरे नेमकी ओ आणि के! त्यांच्या न्यूयॉर्कमधील समर्थकांनी ‘ओ. के. क्लब’ स्थापन केला, आणि ‘आमचा उमेदवार’ व ‘सर्व बरोबर’ हे दोन्ही अर्थ एकाच घोषणेत गुंफले. विरोधकांनीही स्वस्थ न बसता त्याच अक्षरांची निंदाव्यंजक फोड सुरू केली; आणि आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन हे अल्पशिक्षित असल्यामुळे कागदपत्रांवर ‘ऑल करेक्ट’ असे लिहिताना चुकून ‘ओ. के.’ लिहीत, अशी एक आवई उठवून दिली. व्हॅन ब्युरेन निवडणूक हरले. परंतु मित्र आणि शत्रू अशा दोघांच्याही तोंडी राहिल्यामुळे तो शब्द मात्र देशभर पसरला.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि माझ्या मते या शब्दाच्या स्वभावाची किल्ली तेथेच आहे. १८४४ साली सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांच्या दरम्यान तारायंत्राने संदेश पाठवून दाखविला, आणि पुढील काही दशकांत अमेरिकाभर तारांचे जाळे विणले गेले. तारेच्या एका टोकाला बसलेल्या माणसास दुसऱ्या टोकाच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, आणि आपण पाठविलेला संदेश अखंड पोचला की वाटेतच विरला याची त्याला काहीच खात्री नसते. म्हणून पलीकडून पोच येण्याची आवश्यकता असे. आणि त्या पोचेसाठी तारमास्तरांनी जी अक्षरे वापरली ती हीच, ‘ओ. के.’ ती पाठविण्यास अल्पावधी लागे आणि ऐकताना दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नसे. पलीकडच्या कचेरीकडून ओ. के. येईपर्यंत संदेश पोचला असे समजावयाचे नाही, अशी तारखात्याची शिस्तच होती. अशा रीतीने जो शब्द वृत्तपत्रात थट्टा म्हणून जन्मला आणि निवडणुकीत घोषणा म्हणून वाढला, तो तारायंत्रापाशी आल्यावर पोचपावती झाला. ‘तुमचे म्हणणे मला मिळाले, त्यात तुटफूट नाही’ एवढेच तो सांगू लागला. ‘तुमचे म्हणणे मला पटले, आवडले, मी त्यात मनाने सामील आहे’ असे सांगण्याचे काम त्याला कोणी नेमून दिलेच नव्हते.

हा इतिहास आज इतक्या तपशिलाने सांगता येतो याचे श्रेय कोलंबिया विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ ॲलन वॉकर रीड यांचे आहे. त्यांच्या आधी या शब्दाच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्यांची वाण नव्हती. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी चोक्टॉ जमातीच्या भाषेत ‘असेच आहे’ या अर्थाचा ‘ओके’सारखा उच्चार असलेला शब्द आहे, त्यावरून तो आला असे कित्येकांचे मत होते; अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ते इतके पटलेले होते की, कागदांवर संमती देताना ते त्या व्युत्पत्तीस अनुसरून शब्दाचे लेखनही निराळे करीत. कोणी तो ग्रीक भाषेतील ‘ओला काला’, म्हणजे ‘सर्व चांगले’, यापासून आला म्हणत. कोणी स्कॉटिश होकाराशी, कोणी पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेशी, तर कोणी हैतीमधील एका बंदराच्या फ्रेंच नावाशी त्याचे नाते जोडीत. टेनेसीमधील १७९० सालच्या एका न्यायालयीन नोंदीत ‘ओ. के.’ असल्याचा दाखला पुढे आला होता. तो मूळ कागद तपासला असता तेथे नोंद करण्याचा हुकूम दर्शविणारी ‘ओ. आर.’ ही अक्षरे असल्याचे आढळले. मोडीचा एक फाटा इकडचा तिकडे झाल्याने सबंध शब्द कसा बदलतो याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या घोटाळ्याचे नवल वाटू नये.

रीड यांनी ध्वनिसादृश्याचा हा मार्ग सोडून दिला आणि जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे वाचावयास घेतले. वर्षानुवर्षांच्या या परिश्रमातून १९६३ व १९६४ या सालांत त्यांनी जी लेखमाला प्रसिद्ध केली, तिने बोस्टनच्या त्या स्फुटापर्यंतचा माग सप्रमाण दाखवून दिला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून मूळ कागद गोळा करीत आणि अस्सल लेखाच्या आधारावाचून इतिहास लिहू नये असा आग्रह धरीत. शब्दांच्या इतिहासालाही तोच कायदा लागू आहे. नादाचे साम्य पाहून नाते जोडण्याचा मोह आपल्यालाही होऊ शकतो. छांदोग्य उपनिषदात ॐकाराला अनुज्ञेचे अक्षर म्हटले आहे. मनुष्य जेव्हा एखाद्या गोष्टीस अनुमती देतो तेव्हा तो ‘ओम्’ असेच म्हणतो, असा तेथे त्याचा खुलासा आहे. प्राचीन भारतीयांनी होकाराच्या एका अक्षराला एवढी प्रतिष्ठा दिली, ही वस्तुस्थिती खरोखर मननीय आहे. परंतु तेवढ्यावरून ‘ओके’ हा ‘ओम्’चा वंशज ठरविणे म्हणजे खोटी सनद तयार करण्यासारखे आहे. दोन्ही शब्दांचा मान, त्यांना आपापल्या जागी ठेवण्यातच राहतो.

आता अर्थाकडे वळू. इंग्रजीत हा शब्द नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि केवलप्रयोगी अव्यय अशा सर्व नात्यांनी वावरतो. वरिष्ठाने योजना ‘ओके केली’ म्हणजे ती मंजूर झाली. पडलेल्या मुलाला ‘तू ओके आहेस ना?’ असे विचारले म्हणजे त्याला इजा झाली नाही ना, एवढे विचारले. ‘जेवण ओके होते’ म्हटले म्हणजे जेवण बेताचेच होते. आणि सभेच्या आरंभी वक्ता ‘ओके’ म्हणतो तेव्हा ‘आता आरंभ करू या’ एवढीच सूचना असते. हे अर्थ वरवर पाहता दूरदूरचे दिसतात. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. या शब्दाने गुणाचे वर्णन कधीच होत नाही. वर्णन होते ते दोषाच्या अभावाचे. योजनेत अडचण नाही, मुलाला इजा नाही, जेवणात बिघाड नाही, सभा सुरू करण्यास प्रत्यवाय नाही. आणि दोषाभाव म्हणजे गुण नव्हे. तारमास्तराच्या पोचेत ‘संदेश अखंड आहे’ एवढेच विधान असे, ‘संदेश सुंदर आहे’ असे नसे. तोच स्वभाव या शब्दाने पावणेदोनशे वर्षांनंतरही सोडलेला नाही.

यंत्रांना हा शब्द का मानवला याचे कारणही हेच. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड हे पहिले अमेरिकी अंतराळवीर आकाशात झेपावले, तेव्हा नासाचे प्रवक्ते जॉन पॉवर्स यांनी ‘ए-ओके’ हे त्याचे आणखी ठाशीव रूप जगापुढे ठेवले. पाण्याखाली बुडी मारणारे पाणबुडे अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून ‘मी ठीक आहे’ असे सांगतात, कारण त्यांच्या संकेतात नुसता अंगठा वर करणे म्हणजे ‘वर चला’ असा हुकूम असतो. ॲपल कंपनीचा ‘लिसा’ नावाचा संगणक १९८३ साली बाजारात आला. तो घडत असताना पडद्यावरील कळीवर आधी ‘डू इट’, म्हणजे ‘हे कर’, असे शब्द होते. चाचणीच्या वेळी काही जणांनी अक्षरसाम्यामुळे ते ‘डोल्ट’, म्हणजे ‘मूर्ख’, असे वाचले आणि हे यंत्र आपला उपमर्द का करीत आहे असे त्यांना वाटले. तेव्हा त्या जागी ‘ओके’ घालण्यात आले. आज आपण दिवसातून कित्येक वेळा पडद्यावरील त्या कळीस स्पर्श करतो. यंत्राला आपले मन नको असते, त्याला पोच हवी असते.

मराठीत हा शब्द आता पाहुणा राहिलेला नाही. चित्रीकरणाच्या ठिकाणी दिग्दर्शकाच्या मुखातून ‘ओके’ निघाल्यावाचून नट जागचा हलत नाही; ‘स्थळ ओके केले’, ‘गाडी एकदम ओके आहे’, ‘तब्येत ओके ना?’ अशी वाक्ये शहरात आणि खेड्यात सारख्याच सहजतेने ऐकू येतात. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द तर भारतीय रस्त्यांचे लेणे होऊन बसले होते. विनाकारण भोंगे वाजविण्यास त्यांमुळे उत्तेजन मिळते, या कारणास्तव महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली ते लिहिण्यास मनाई केली. त्यातील ‘ओके’ महायुद्धाच्या काळातील रॉकेलवर चालणाऱ्या वाहनांची सूचना होती, किंवा ती टाटांच्या एका साबणाची जाहिरात होती, अशा ज्या कथा सांगितल्या जातात, त्या चोक्टॉ आणि ग्रीक व्युत्पत्तींच्याच जातीच्या आहेत. २०२२ च्या जून महिन्यात सांगोल्याचे त्या वेळचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून झालेले दूरध्वनीवरील संभाषण घरोघरी पोचले, तेव्हा त्यातील ‘ओक्के’ हा उच्चार सबंध महाराष्ट्राने उचलला. भाषेच्या अभ्यासकाने त्या द्वित्ताकडे लक्ष द्यावे. ‘पक्के’, ‘नक्की’, ‘चक्क’ यांच्या पंगतीत बसण्यासाठी मराठीने त्या परक्या शब्दातील ककाराचे द्वित्त केले आणि त्याला माणदेशी मातीचा ठसका दिला. जो शब्द आपण आपल्या उच्चारात मुरवून घेतला, तो आपला झाला. त्याच्या शुद्धाशुद्धतेचा खटला आता चालवण्यात हशील नाही. ज्या महाराष्ट्राने शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचून फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्याच महाराष्ट्राने ‘शिक्कामोर्तब’, ‘मंजुरी’ आणि ‘हरकत’ हे शब्दही प्रेमाने जतन केले, हे विसरता येत नाही.

माझा आक्षेप शब्दाच्या येण्याला नाही. त्याच्या येण्याने जे शब्द न बोलता उठून जात आहेत, त्यांच्याविषयी मला मनापासून खंत वाटते. होकार देण्याच्या बाबतीत मराठी ही अत्यंत संपन्न भाषा आहे. ‘होय’ म्हणजे वस्तुस्थितीचा स्वीकार. ‘बरं’ म्हणजे सांगणाऱ्याचा मान राखून दिलेला होकार. ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ या संस्कृत शब्दाशी ज्याचे नाते सांगितले जाते, तो ‘बरा’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मवाळ झाला की आजारातून उठलेला मनुष्यही ‘बरा आहे’ एवढेच म्हणतो आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. ‘चालेल’ या एका क्रियापदात, दोन पर्यायांपैकी आपली आवड मागे ठेवून दुसऱ्याच्या सोयीला वाट करून देणारे सौजन्य आहे. ‘हरकत नाही’ मधील ‘हरकत’ अरबीत केवळ हालचाल या अर्थाची. आपण तिला अडथळ्याचा अर्थ दिला आणि अडथळा नसल्याचे सांगून समोरच्याचा संकोच दूर करण्याची एक सुंदर रीत निर्माण केली. ‘मंजूर’ हा शब्द ‘नजर’ या शब्दाचा सख्खा भाऊ. ‘जे पाहिले गेले ते मंजूर’, म्हणजे अधिकाऱ्याच्या दृष्टीखालून गेल्यावाचून मंजुरी नाही, असा दंडक त्या शब्दाच्या पोटातच आहे. ‘कबूल’ म्हटले की त्यात वचनाचा भार येतो. ‘कबूल केले होतेस’ असे म्हणून मनुष्याला त्याच्या शब्दाला बांधता येते, तसे ‘ओके म्हणाला होतास’ असे म्हणून बांधता येत नाही. ‘मान्य’ म्हणजे वाद करून, विचार करून बुद्धीने दिलेला कौल. आणि या सर्वांच्या वर ‘संमती’ : दोन मती एकत्र आल्या, एक झाल्या, असे सांगणारा शब्द.

या हरएक शब्दाच्या मागे माणसामाणसांतील एकेक निराळे नाते उभे आहे. वडिलांना दिलेले ‘बरं’, पाहुण्याला दिलेले ‘हरकत नाही’, मित्राला दिलेले ‘चालेल’, सभेला दिलेले ‘मान्य’ आणि लग्नाच्या बैठकीत दिलेले ‘कबूल’ हे एकमेकांच्या जागी बसू शकत नाहीत. बसवू गेल्यास वाक्य चुकत नाही, पण माणूस चुकतो. या सर्व ठिकाणी एकच ‘ओके’ घातला म्हणजे व्यवहार अडत नाही हे खरे. परंतु समोरच्याने आपले म्हणणे आनंदाने स्वीकारले, नाइलाजाने स्वीकारले, की केवळ वाचून बाजूला ठेवले, हे ऐकणाऱ्याला कळेनासे होते. परगावी राहणाऱ्या मुलाला आईने कळविले की, ‘मंगळवारच्या सकाळच्या गाडीने निघते, गुडघे फार दुखतात, स्टेशनावर येशील ना?’ आणि पलीकडून दोन अक्षरे आली, तर निरोप पोचला एवढे तिला समजते. मुलगा येणार आहे हेही कदाचित समजते. पण त्या निरोपात गुडघ्यांविषयी जे लिहिले होते, ते कोणाच्या मनापर्यंत गेले की नाही, हे त्या दोन अक्षरांतून समजण्याची सोय नाही. कारण ती अक्षरे घडली तेव्हाच ती सोय त्यांत ठेवलेली नव्हती.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, शब्दाला त्याचे मूळ काम करू द्यावे. कचेरीतून कागद आला, दुकानदाराने हिशेब पाठविला, वाहनचालकाने पत्ता विचारला, तेथे ‘ओके’ म्हणावे; तेथे पोचच हवी असते आणि पोच देण्यात या शब्दाइतका तत्पर कारकून दुसरा नाही. पण जेथे कोणी आपल्याजवळ काही मागत असेल, विचारत असेल, विश्वासाने सोपवत असेल, तेथे आपल्या भाषेतील तो निराळा, त्या नात्याला साजेसा होकार शोधून द्यावा. त्याला वेळ फारसा लागत नाही. त्या आईला ‘बरं, येतो, तू सामान उचलू नकोस’ असे लिहावयास कितीशी अक्षरे जास्त लागतील?